पिवळ्या न पडणाऱ्या बाटल्या

सोमवारी सकाळी मी इन्क्युबेटरचं दार उघडलं तेव्हा इल्गिझच्या सहाही बाटल्या लाल होत्या. नवं पोषणद्रव घातल्यापासूनचा तो चौथा दिवस होता. चौथ्या दिवशी त्या लाल असायला नको होत्या.

आमच्या पेशी रक्ताच्या कर्करोगाच्या. कधीकाळी एका रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या आणि तेव्हापासून चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, लालसर पोषणद्रवात वाढत आलेल्या. या पेशी खादाड असतात. निरोगी पेशी साखर शेवटपर्यंत जाळते आणि थोडक्यात भागवते. कर्करोगाची पेशी समोर भरपूर प्राणवायू असला तरी साखर अर्धवट जाळते, उरलेलं आम्ल बाहेर टाकते आणि पुन्हा साखर मागते. त्या आम्लामुळे द्रवाचा रंग बदलतो. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी लिंबाच्या सालीसारखा पिवळा. एकवीस वर्षं मी हे पिवळं होणं पाहत आले आहे. घड्याळाइतकाच माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आमचा संशोधक विद्यार्थी इल्गिझ यानं मार्चपासून या पेशींना एका औषधाची सवय लावत आणली होती. दर काही आठवड्यांनी मात्रा थोडी वाढवायची, मरतील त्या मरू द्यायच्या, तगतील त्या पुढे वाढवायच्या. सप्टेंबरात त्यानं तगलेल्या पेशींच्या काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या. ऑक्टोबरात शेवटची मात्रा दिली, आणि तेव्हापासून त्याच्या बाटल्या पिवळ्या पडायच्या थांबल्या. साखर मोजली तर निम्मीच खर्च झालेली. इल्गिझचं म्हणणं असं की औषधाला दाद न देणाऱ्या पेशींनी आपला आहारच बदलला आहे. साखर सोडून त्या दुसऱ्या कशावर तरी जगतात. त्याच्या प्रबंधाचं नावही त्यानं याच अर्थाचं ठेवलं होतं.

शुक्रवारी विद्वत्मंडळाची बैठक होती. प्रबंध पुढे जाण्यासाठी संस्थेतल्या एका ज्येष्ठ व्यक्तीनं लिहून द्यावं लागतं की, प्रयोग मी स्वतः तपासले, निकाल खरे आहेत. ती व्यक्ती मी होते. माझी सही झाली नाही तर इल्गिझची नेमणूक डिसेंबरअखेर संपणार होती. मी उलट काही लिहिलं, तर बिश्केकमध्ये कुठल्याच प्रयोगशाळेनं त्याला दारात उभं केलं नसतं. आमचं शहर तेवढं मोठं नाही.

आणि मला ते निकाल खरे वाटत नव्हते.

का, ते सांगणं अवघड होतं. ते फार नीटनेटके होते, एवढंच. खऱ्या प्रयोगात एखादी तरी बाटली हट्ट करते. एक आधी पिवळी पडते, एकीत पेशी मरतात, एक उगीच गढूळ होते. इल्गिझच्या सहा बाटल्या सहा सख्ख्या बहिणींसारख्या लाल होत्या.

अकरा वाजता चहाच्या टेबलावर हाच विषय निघाला. आमच्या विभागाचे प्रमुख जुमादिल-आगाय चहात दूध ओतत होते. त्यांच्यासमोर तळलेल्या बोर्सोकचा ढीग आणि जर्दाळूचा मुरंबा होता. प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी माणसं म्हणजे ते आणि बुरुल-एजे. आमच्यात मानानं वडीलधाऱ्या पुरुषाला आगाय म्हणतात, मोठ्या बाईला एजे. बुरुल-एजे पेशींना खायला घालतात, बाटल्या बदलतात, पेशी हाताळायचं निर्जंतुक काचकपाट पुसतात. पिपेट कसं धरायचं हे मला त्यांनीच शिकवलं.

"शुक्रवारी सही झाली की जानेवारीत प्रबंध, आणि फेब्रुवारीत तोयची मेजवानी," आगाय म्हणाले. "इल्गिझ, तुझ्या आईनं मेंढा ठरवला का?"

"नारीनच्या घरी बांधूनच ठेवलाय, आगाय. रोज फोनवर त्याचं वजन सांगते. माझं विचारत नाही."

"तुझं काय विचारायचं? तू वाळलेल्या दह्याचा कुरुत झालायस नुसता. पण पोराचं डोकं बघा! चाळीस वर्षांत अशा पेशी मी पाहिल्या नाहीत. असा शिष्य पाहिला नाही."

"थू, थू, थू," बुरुल-एजेंनी लगेच डाव्या खांद्यावरून केलं आणि टेबलावर बोटानं तीनदा टकटक केली. "आगाय, तुम्हाला किती वेळा सांगितलं, तोंड भरून बोलायचं नाही. पोराला दृष्ट लागेल."

"माझी दृष्ट? मला चष्म्याशिवाय बोर्सोक दिसत नाही!"

सगळे हसले. मीही हसले असेन. इल्गिझ हसता हसता माझ्याकडे पाहून थांबला.

"मीरगुल-एजे, सहीचं काम कधी करूया? तुम्ही म्हणाल तेव्हा मी वह्या घेऊन येतो."

"वह्या मी पाहिल्यात," मी म्हणाले.

"मग?"

"अजून बघतेय."

"बघा की," तो म्हणाला. कप ठेवताना तो बशीवर जरा जोरात आपटला.

मी काय करत होते हे त्याला माहीत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी मी एकटी आले होते, आणि त्यानं सप्टेंबरात गोठवलेल्या कुप्यांपैकी एक टाकीतून काढली होती. पेशी वितळवून मी त्यांना इल्गिझच्याच साठ्यातलं, न वापरलेलं, त्याच मात्रेच्या औषधाचं पोषणद्रव दिलं. बाटलीवर मात्र माझ्या एका जुन्या, बंद पडलेल्या प्रयोगाचा क्रमांक लिहिला आणि ती इन्क्युबेटरच्या खालच्या खणात मागे ढकलली. तिला खायला मीच घालत होते.

त्याच आठवड्यात इल्गिझनंही आपल्या कुप्यांपैकी एक नव्यानं वितळवली होती. म्हणजे एकाच दिवशी गोठवलेल्या त्याच पेशी, तेच द्रव, तेच औषध. त्याच्या नावाच्या बाटल्या पाच दिवसांत लाल राहायला लागल्या. माझ्या नावाची बाटली दर तिसऱ्या दिवशी, घड्याळ लावल्यासारखी, पिवळी होत होती.

पेशींना नावं वाचता येत नाहीत. वाचता येतात ती माणसाला.

मंगळवारी मी त्याच्या बाटल्यांतून थेंब थेंब द्रव घेतलं आणि जे कोणी मोजलं नव्हतं ते मोजलं, अमोनिया. माझ्या बाटलीच्या तिप्पट निघाला. तेव्हा रंगाचं कोडं मला सुटल्यासारखं वाटलं. पेशी आम्ल सोडतच असतील, कोणीतरी वरून अमोनियाचे थेंब टाकून ते मारत असेल. आम्ल गेलं की रंग लाल. पेशी त्यानं आजारी पडतील, सुस्त होतील, साखरही कमी खातील. किती सोपं होतं. एक पिपेट आणि सकाळची पाच मिनिटं पुरतील.

बुधवारी दुपारी इल्गिझ रक्ताचे नमुने आणायला हॉस्पिटलमध्ये गेला होता. मला त्याच्या टेबलावरची साखर-मोजणीची वही हवी होती. ती वर नव्हती, म्हणून मी खण उघडला. असं मी कधी करत नाही. खणात वहीच्या शेजारी तपकिरी काचेची छोटी बाटली होती. नशातीर. आमच्याकडे प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात असतो तो अमोनियाचा अर्क. अर्धी बाटली संपलेली होती.

मी खण बंद केला. 

संध्याकाळी पाचपर्यंत मी पत्र लिहिलं. जुमादिल-आगायना उद्देशून, दीड पान. आकडे, तारखा, दोन्ही बाटल्यांची तुलना, अमोनिया, खणातली बाटली. शेवटी लिहिलं की या निकालांत मुद्दाम ढवळाढवळ झाली आहे असं माझं मत आहे. 'मत' शब्दापाशी मी थोडी थांबले आणि तो तसाच ठेवला. पत्र पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

ते लगेच का दिलं नाही? मी स्वतःला सांगितलं की मला डोळ्यांनी पाहायचं आहे. मी ठसे पाहिले होते, हात पाहिला नव्हता.

गुरुवारी सकाळी सातला मी आले. बाहेर शहरावर धुराची चादर होती आणि डोंगर दिसत नव्हते. पेशींच्या खोलीला लागून सूक्ष्मदर्शकाची छोटी खोली आहे, मधे एक काच आहे. तिथे दिवा न लावता मी स्टुलावर बसले. इल्गिझ आठला येतो. गुरुवार खायला घालायचा दिवस, म्हणून त्याआधी साडेसातला बुरुल-एजे येऊन सगळ्या बाटल्यांना नवं द्रव घालतात. तो लवकर येऊन थेंब टाकत असेल, तर या मधल्या अर्ध्या तासात येईल असा माझा हिशोब होता.

बुरुल-एजे सात पंचवीसला आल्या. पांढरा कोट, डोक्याला रुमाल, हातमोजे, मास्क. काचकपाट त्यांनी स्पिरिटनं पुसलं, कोपऱ्यापासून आपल्याकडे, जसं मला शिकवलं होतं तसं. आधी इतरांच्या बाटल्या घेतल्या. झाकण उघडायचं, अर्धं द्रव काढायचं, नवं घालायचं, झाकण बंद. एकही हालचाल जास्तीची नाही. त्यांना काम करताना पाहणं मला अजूनही आवडतं.

मग त्यांनी इल्गिझच्या सहा बाटल्या ओळीनं मांडल्या. पहिलीत नवं द्रव घातलं. झाकण तसंच उघडं ठेवलं. एका बोटानं मास्क हनुवटीखाली ओढला, काचेच्या फटीपाशी वाकल्या, ओठ काहीतरी पुटपुटले.

थू, थू, थू.

थुंकी म्हणावी असं काही नव्हतं. कोरडा श्वासच. मास्क पुन्हा वर घेऊन, हातमोजा बदलून, त्यांनी झाकण लावलं. दुसरी बाटली. थू, थू, थू. तिसरी. सहाही बाटल्या त्यांनी तितक्याच काळजीनं केल्या.

मी उठून दार ढकललं.

"बुरुल-एजे."

"आई गं!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "चोरासारखी कुठून उगवलीस? दिवा तरी लावायचा!"

"मास्क खाली का घेतलात?"

"कधी?"

"आत्ता. सहा वेळा."

 त्या हातमोजे काढायला लागल्या, एकेक बोट ओढून.

"मी काही थुंकत नाही गं. कोरडंच करते. लांबून."

"झाकण उघडं असताना?"

"बंद झाकणातून दृष्ट कशी निघेल?"

त्या हे अगदी सरळपणे म्हणाल्या.

"किती दिवस करताय?"

"आगायनी पहिल्यांदा कौतुक केलं ना, ऑक्टोबरात, तेव्हापासून. तुला आठवतं का तो दिवस?"

आठवत होता. शेवटची मात्रा देऊन पेशी तगल्या, म्हणून सगळे सूक्ष्मदर्शकाभोवती जमले होते. बुरुल-एजे दारात तळहात पसरून उभ्या होत्या. नवी सून किंवा तान्हं बाळ पहिल्यांदा पाहताना आमच्यात हातावर काहीतरी ठेवतात, ते कोरुंदुक. "फुकट बघायचं नाही, कोरुंदुक काढा!" त्या म्हणत होत्या, आणि सगळ्यांना गंमत वाटत होती. आगायनी चॉकलेट दिलं. इल्गिझनं खिशातलं पेन दिलं. मी घाईत होते. वाकून पाहिलं आणि निघून गेले. "मीरगुल, तू फुकट बघितलंस हं!" असं त्या मागून ओरडल्याचंही आठवत होतं.

"पण ते एक दिवसाचं कौतुक होतं," मी म्हणाले. "अजून कशाला? दृष्ट कोणाची?"

बुरुल-एजेंनी हातमोजे एकात एक घातले आणि डब्यात टाकले.

"तुझी," त्या म्हणाल्या.

"माझी?"

"रागावू नकोस. तू विचारलंस म्हणून सांगते. रोज सकाळी येतेस, ते दार उघडतेस आणि उभी राहतेस. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तोंडातून एक शब्द नाही. आगाय बघतात, भडाभडा बोलतात, मोकळे होतात. तू बोलत नाहीस. जे बोललं जात नाही ते डोळ्यांतून जातं. कोरुंदुकही दिलं नाहीस. त्यात तुझं स्वतःचं काम तीन वर्षं अडलंय. माणूस आहेस. मनात येतं."

"माझ्या मनात हेवा नव्हता."

"मग काय होतं?"

 कोटाच्या आतल्या खिशात पाकीट होतं.

इल्गिझ यायला वीस मिनिटं होती. मी एक गोष्ट आधी करायची ठरवली. तोंडातल्या थुंकीच्या कणांत, दिसणारही नाहीत अशा, एक प्रकारचे अगदी लहान जीवाणू असतात, मायकोप्लाझ्मा. त्यांना भिंत नसते, म्हणून पोषणद्रवातलं नेहमीचं प्रतिजैविक त्यांचं काही बिघडवत नाही. ते द्रव गढूळ करत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. डीएनएला चिकटून चमकणारा एक निळा रंग घातला तरच ते सापडतात. ही तपासणी आमच्याकडे दर महिन्याला व्हायची असते.

तपासणीची नोंदवही भिंतीला टांगलेली आहे. मी ती काढली. ऑगस्ट: ठीक. सप्टेंबर: रंग कमी, पुढच्या महिन्यात. ऑक्टोबर: पुढच्या महिन्यात. नोव्हेंबर: पुढच्या महिन्यात. चारही ओळींखाली एकच सही होती, आणि ती माझी होती.

रंग संपला नव्हता. थोडा माझ्या फ्रीजमध्ये होता, काळ्या कागदात गुंडाळलेला. माझं अडलेलं काम पुढे सरकलं तर लागेल म्हणून मी तो राखून ठेवला होता.

मी तो काढला आणि दोन काचपट्ट्या तयार केल्या. एकीवर माझ्या बाटलीतला थेंब, दुसरीवर इल्गिझच्या. माझ्या पेशींची केंद्रकं निळी, गोल, स्वच्छ दिसली आणि भोवती काळोख. इल्गिझच्या पेशींभोवती मात्र चमकणारे बारीक कण होते. ताटाबाहेर रवा सांडावा तसे सगळीकडे.

पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. तोंडातले हे जीवाणू आर्जिनिन नावाचं एक अमिनो आम्ल खातात आणि अमोनिया सोडतात. त्या अमोनियानं आम्ल मरतं, द्रव लाल राहतं. आर्जिनिन संपलं की रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी अडखळतात, हळू वाढतात, साखर कमी खातात. त्यांनी आहार बदललाच नव्हता. त्यांच्या ताटात दुसरं कोणीतरी जेवत होतं.

"काय झालं?" बुरुल-एजे दारातून विचारत होत्या. "काही वाईट झालं का माझ्यामुळे?"

मी त्यांना दाखवलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे माझ्या तोंडातले?"

"कोणाच्याही तोंडात असतात, एजे. माझ्याही."

"पण गेले माझ्या तोंडातून." त्या स्टुलावर बसल्या. "पोराचं भलं करायला गेले."

तेवढ्यात इल्गिझ आला. गळ्यातला मफलर सोडता सोडता त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं, मग सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडाकडे. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं वाकून पाहिलं, काचपट्टी थोडी सरकवली, पुन्हा पाहिलं.

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. कोरुंदुकापासून आर्जिनिनपर्यंत. नोंदवहीतल्या माझ्या चार ओळीही दाखवल्या.

तो सरळ उभा राहिला.  मग तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"म्हणजे आपल्या बुरुल-एजे माझ्या प्रबंधावर थुंकल्या. विद्वत्मंडळ नंतर थुंकणारच होतं, यांनी आधी उरकून घेतलं."

"बाळा, मी आजच राजीनामा देते," बुरुल-एजे म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"द्या की! आणि मग माझ्या पेशींना खायला कोण घालणार, आगाय? त्यांना बोर्सोक दिसत नाही." तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "राजीनामा कसला, एजे. रडू नका. तुम्ही रडायला लागलात की मला गरगरतं."

"नशातीर देऊ का?" त्या लगबगीनं उठल्या. "तुझ्या खणात आहे ना अजून? मी दिलेला?"

"अर्धा उरलाय."

मी विचारलं, "तो तुला कशाला लागतो?"

इल्गिझ लाल झाला. बुरुल-एजेंनीच उत्तर दिलं. "रक्त काढताना सुई पाहिली की याला चक्कर येते. हॉस्पिटलमध्ये दोनदा आडवा झाला. कोणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी बाटली दिली. रक्तरोगाचा संशोधक!"

"आता सांगितलंतच ना," तो पुटपुटला. मग एकदम माझ्याकडे वळला. "पण माझ्या खणात नशातीर आहे याचं तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं, मीरगुल-एजे. कशाला ठेवतोस, एवढंच विचारलंत."

तो हुशार आहे. ते मी कधी नाकारलं नव्हतं.

पाकीट मी फाडून टाकू शकले असते. ते कोणी पाहिलं नव्हतं. पण ज्याच्याविषयी ते लिहिलं होतं तो समोर बसला होता, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. खोटा होता तो त्या आकड्यांवरून मी उभा केलेला माणूस. मी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं दीड पान सावकाश वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी बोट ठेवलं.

"तारीख कालची आहे."

"हो."

"म्हणजे एक दिवस मी चोर होतो."

"तीन आठवडे," मी म्हणाले. "लिहिलं फक्त काल."

बुरुल-एजेंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी पत्र वाचलं नव्हतं, पण काय असेल ते त्यांना कळलं असावं. इल्गिझनं पत्राची घडी घातली, पुन्हा पाकिटात ठेवलं आणि पाकीट आपल्या खिशात घातलं. परत दिलं नाही.

"तुमची ती बाटली," तो म्हणाला, "खालच्या खणातली. पिवळी पडते?"

"दर तिसऱ्या दिवशी."

"शेवटच्या मात्रेत? आणि मरत नाहीत?"

"नाही."

"म्हणजे औषधाला दाद देत नाहीत हे खरं आहे. तेवढं तरी माझं आहे."

"तेवढं तुझं आहे. आणि ते मी लिहून देईन."

शुक्रवारच्या बैठकीत आम्ही दोघं आगायच्या पुढे उभे राहिलो. मी नोंदवही उघडून ठेवली आणि तपासण्या का झाल्या नाहीत ते सांगितलं. बुरुल-एजेंचं नाव मी घेतलं नाही. इल्गिझनंही घेतलं नाही. पण बाहेर आल्यावर आगायनी बुरुल-एजेंकडे असं पाहिलं की त्यांनी ते ओळखलं असणार. प्रबंधाचं नाव बदललं, आहाराचं प्रकरण सगळं गेलं, आणि तारीख पुढच्या हिवाळ्यापर्यंत ढकलली. नेमणूक वर्षभर वाढवून मिळाली, ती मात्र माझ्या सहीवर.

"आई," बाहेरच्या व्हरांड्यात तो फोनवर सांगत होता, "मेंढ्याला अजून एक वर्ष जगू दे. नाही, आजारी नाही. मी पण नाही. अगं, त्याचं वजन नको सांगूस आता!"

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलत असे. चहाच्या टेबलावर माझ्या समोरची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर बसायचा, म्हणजे मान वर केली तरी माझ्याकडे पाहावं लागत नसे. मी त्याला दोष दिला नाही.

लाल बाटल्या आम्ही ब्लीचमध्ये बुडवल्या. इन्क्युबेटर दोनदा धुतला. बुरुल-एजे आता दोन मास्क लावतात आणि काचकपाटापाशी बोलत नाहीत. काही पुटपुटायचं असेल तर दाराबाहेर जाऊन पुटपुटतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी निळ्या रंगाची तपासणी करते. माझं स्वतःचं काम अडलेलंच आहे.

पुढे एका सोमवारी इल्गिझनं सप्टेंबरची शेवटून दुसरी कुपी वितळवली. मी इन्क्युबेटरपाशी गेले नाही. मंगळवारी गेले नाही, बुधवारीही नाही. सकाळी येऊन दाराकडे पाठ करून बसायचे. हे अवघड होतं. एकवीस वर्षांची सवय होती.

गुरुवारी दहाच्या सुमारास तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बघायला या."

"तू पाहिल्यास ना? पुरे आहे."

"मीरगुल-एजे, तपासनीस तुम्ही आहात. मी पाहून काय उपयोग?"

मी उठले. पेशींच्या खोलीच्या दारात बुरुल-एजे उभ्या होत्या, दोन मास्क लावलेल्या, एक तळहात पुढे केलेला.  मी कोटाच्या खिशात हात घातला. सकाळी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेलं चॉकलेट मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, खिशात टाकलं आणि बाजूला झाल्या.

इल्गिझनं दार उघडलं. सहापैकी पाच बाटल्या पिवळ्या होत्या. सहावी अजून नारिंगी होती.

"ही जरा हट्टी आहे," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं.